स्कूटरचा आरसा

सायकलवरून ऑफिसला पोचेपर्यंत माझ्या केसांची पार रया गेलेली असते. वर हेल्मेटने चपटे, खाली वाऱ्याने पिंजारलेले. पार्किंगमध्ये शेजारीच आमच्या जोशीबाईंची स्कूटर असते. तिचा आरसा आपल्याकडे वळवायचा, दातांत क्लिप धरून वेणी घालायची आणि वर पळायचं, हे माझ्या इतकं अंगवळणी पडलंय की तो परत नीट करायचं कधी सुचतच नाही.

आज संध्याकाळी आम्ही दोघी बरोबरच निघालो. आरसा सरळ करत जोशीबाई म्हणाल्या, "कोण मेलं रोज हा फिरवून ठेवतं! काल तशीच निघाले. मागचा टेम्पो दिसलाच नाही, थोडक्यात वाचले."

"कोण असेल हो?" मीच विचारलं.

मागून येणारं दिसावं म्हणून लावलेली ती एवढीशी काच. मी तिच्यात रोज माझा भांग बघत होते.

आरशाच्या दांडीला अडकलेला एक लांबसडक केस त्यांनी चिमटीत धरून सोडवला. त्यांचे स्वतःचे केस मानेपर्यंतच आहेत.

"सांभाळून जा गं," एवढंच म्हणाल्या.

मी वेणी ओढणीखाली सरकवली.