मुबारकचं बसून करायचं काम

मुबारकची कंबर टेम्पोनं खाल्ली. बावीस वर्षं त्यानं भोरहून पुण्याला तांदळाची पोती वाहिली आणि दोन हजार सहा साली डॉक्टरांनी बजावलं, आता स्टिअरिंगला हात लावायचा नाही.

त्याच सुमारास पुण्याच्या एका कंपनीचा माणूस भोरात हिंडत होता. इंटरनेटवरून लोकांचे फॉर्म भरून द्यायचे, रेल्वेची तिकिटं काढायची, निकाल छापून द्यायचे. नाव कंपनीचं, दुकान आपलं. फ्रँचायझी म्हणायचं त्याला. "डोक्यावर साहेब नाही, माल भरून ठेवायला नको, कुठल्याही गावच्या कॉम्प्युटरवर पासवर्ड टाका, तिथं तुमचं दुकान. आणि काका, सगळं बसून." बाकीचं मुबारकनं फारसं ऐकलंच नाही. बसून, हा एकच शब्द त्याला पटला.

घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर आला. बसूनही कंबर दुखते, हे पहिल्याच महिन्यात कळलं. डोक्यावर साहेब नव्हता हे खरं, पण वीज होती, टेलिफोनची लाईन होती, आणि ती गेली की लोक त्यालाच जाब विचारत. सुरुवातीला तो समजावून सांगायचा. मग नुसती मान हलवू लागला. त्याची बायको खुर्शिदा चहा घेऊन आली की मागं उभी राहून पडद्याकडे बघायची.

दोन वर्षं अशीच गेली. एका दुपारी पासलीचा गेनू आपल्या मुलीला, वैष्णवीला, घेऊन आला. वेल्ह्याला, नसरापूरला एसट्या बदलत आलेली, पहाटे निघालेली माणसं. नर्सिंगच्या फॉर्मची मुदत संध्याकाळी पाचला संपत होती आणि तो फॉर्म कंपनीच्या सेंटरवरूनच घेत होते. नेमकी सकाळीच रस्ता खोदताना लाईन तुटलेली.

"आज न्हाई व्हायचं," मुबारक म्हणाला.

पोरगी रडली नाही, भांडली नाही. कागदांची पिशवी पोटाशी धरून नुसती बसून राहिली. गेनू म्हणाला, "मुबारकभाई, भात लावायचं टाकून आलोय. पुन्हा कुठं यायचं आमी?"

मुबारकनं घड्याळ पाहिलं. तीन वाजून गेले होते. हायवेला सारोळ्यात त्याच्या मेव्हण्याचा, शाकिरचा, एसटीडी बूथ होता. तिथं कॉम्प्युटर होता आणि लाईनही चालू होती. एसटीची वाट बघण्यात वेळ गेला असता. जुना टेम्पो अजून विकायचा राहून परसात उभा होता.

खुर्शिदा दारात आडवी आली. "अवो, डाक्टर काय म्हणाले?"

"ठाव हाय. सरक."

हायवे लागेपर्यंत, म्हणजे कापूरहोळपर्यंत, प्रत्येक खड्ड्यात त्याच्या मणक्यातून कळ उठत होती. साडेचारला शाकिरच्या खुर्चीत बसून त्यानं आपला पासवर्ड टाकला, आणि पाचला आठ मिनिटं कमी असताना पावती छापून निघाली. वैष्णवीनं ती दोनदा वाचली. "चाचा, नाव बरोबर हाय," ती म्हणाली. मुबारकला मात्र खुर्चीतून उठता येईना. शाकिर आणि गेनूनं त्याला धरून टेम्पोत आडवं घातलं. घरी शाकिरनं गाडी नेली.

दीड महिना तो खाटेवर होता. पुढच्या खोलीत खुर्शिदा बसू लागली. सातवी शिकलेली, दोन बोटांनी टाईप करायची, पण बघून बघून तिला सगळं येत होतं. लाईन गेली की ती लोकांना सरळ सांगायची, "फोन नंबर द्या, आली की कळवते." बायका-पोरी एकट्या येऊ लागल्या. भिंतीपलीकडून मुबारक ऐकायचा. त्याला बरंही वाटायचं आणि आपण दोन वर्षं नुसते कण्हत बसलो याची खंतही वाटायची. उठता येऊ लागल्यावर त्यानं स्वतःहून कंपनीला अर्ज केला आणि सेंटर तिच्या नावावर केलं.

वैष्णवीचं नाव त्या वर्षी प्रवेशाच्या यादीत नव्हतंच. दुसऱ्या वर्षी तिनं परत फॉर्म भरला, खुर्शिदाकडे, आणि साताऱ्याला नंबर लागला. खुर्शिदा यादीचा कागद घेऊन आत, मुबारकच्या खाटेपाशी आली.

"लागला बघा तिचा नंबर."

"व्हय? बरं झालं," मुबारक म्हणाला, आणि भिंतीला हात टेकत, हळूहळू, जरा कमी दुखत होतं त्या कुशीवर वळला.