हरलेल्याचा कायदा

शिरस्तेदार नानासाहेबांनी मला फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण सोलापूरच्या भवानी पेठेत ही गोष्ट उलटी सांगतात. सिद्रामशेठने भोळ्या म्हाताऱ्याला गंडवलं, असं लोक म्हणतात. मी पडलो सुताचा दलाल. दलालाने फसवलं म्हटलं की ऐकणाऱ्याला लगेच पटतं. कोर्टातून पेन्शन घेऊन निघालेला, उन्हाळ्यातसुद्धा काळ्या कोटाची वरची गुंडी न काढणारा माणूस कुणाला फसवील, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. म्हणून तो माणूस कसा होता ते नीट सांगतो. मग काय ते ठरवा.

पहिल्यांदा ते माझ्या वखारीत आले ते एका दारासाठी. कुणाच्या तरी पडलेल्या घराचं सागवानी दार मी घेऊन ठेवलं होतं आणि ते भिंतीला टेकून उभं होतं. नानासाहेबांनी छत्री मिटली, दाराकडे पाहिलं आणि विचारलं, "हे आडवं होईल का?"

"विकत घ्या, मग आडवं करा न्हायतर उलटं टांगा," मी म्हणालो.

"विकत नको. इथंच आडवं हवंय. सुताच्या गठ्ठ्यांवर. दर रविवारी दुपारी."

माणूस चळलेला आहे असं मला वाटलं. पण त्यांनी शांतपणे सगळं सांगितलं. चौदा सालच्या मोठ्या लढाईच्या काळात ते लष्कराच्या कचेरीत कारकून म्हणून बसऱ्याला होते. तिथले गोरे अंमलदार जेवणानंतर टेबलावर वाळू पसरायचे, डोंगर-नद्या करायचे, शिशाचे शिपाई मांडायचे आणि आपसात लढायचे. नानासाहेब बाजूला उभे राहून बघायचे. लढाई संपली की अंमलदार त्या लढाईपेक्षा जास्त वेळ नियमांवर भांडायचे, आणि नानासाहेबांचं सगळं मन त्या भांडणात गुंतलं. सोलापुरात परत आल्यावर त्यांना हा खेळ मांडायचा होता. घरी जमेना. घरी सोवळं होतं आणि वाळू सोवळ्यात बसत नव्हती.

पुढच्या रविवारी दार गठ्ठ्यांवर आडवं झालं आणि टांग्यातून सीना नदीची वाळू आली. दिवाळीच्या किल्ल्यासाठी कुंभार करतात तसले मातीचे शिपाई आले. बसऱ्याहून आणलेल्या दोन पितळी तोफा आल्या. त्यांत स्प्रिंग होती, आणि तिच्यापुढे हरभऱ्याचा दाणा ठेवून ती सोडली की तो शिपायाला लागून शिपाई पडायचा. शेजारच्या रंगाऱ्याला, राजेशमला, बोलावून मी निम्मे शिपाई निळे आणि निम्मे तांबडे करून घेतले. रंगवता रंगवता तोच आमचा पंच झाला. राजेशम तेलुगू माणूस. बोलायचा कमी. त्याचे हात कोपरापर्यंत निळे असायचे.

मी का खेळायला बसलो? मोहोळकडच्या खेड्यातून आलो तेव्हा माझ्या अंगावर एक सदरा होता. गिरणीत गाठी उचलल्या, मग गाठी मोजल्या, मग विकल्या. जे मिळवलं ते समोरच्याशी घासाघीस करून. कुणी समोर बसून डाव मांडला की मला उठता येत नाही, इतकं साधं कारण आहे.

पहिलीच लढाई मी जिंकलो. आनंदाने मांडी थोपटतो आहे तोवर नानासाहेबांनी एक बोट वर केलं. "हरकत!" ते म्हणाले. हे त्यांचं कायमचं. कोर्टात आयुष्यभर वकिलांचं ऐकलेलं, पण स्वतः कधी बोलायला न मिळालेलं ते 'हरकत' त्यांनी माझ्या वखारीत मनसोक्त वापरून घेतलं.

"आता कसली हरकत? लढाई संपली की!"

"म्हणूनच. शिपायाने एका खेपेत एक वीत चालायचं असं ठरलं. वीत कुणाची?"

माझा हात गाठी उचललेल्या माणसाचा. त्यांचा हात लेखणी धरलेल्या माणसाचा. माझे शिपाई त्यांच्या शिपायांच्या दीडपट चालत होते, हे खरं होतं.

"मग हात वाढवा तुमी," मी म्हणालो.

नानासाहेब हसले नाहीत. त्यांनी तिथेच प्रस्ताव मांडला की प्रत्येक लढाईनंतर हरलेल्याने एक कायदा करावा आणि जिंकलेल्याने तो मान्य करावा. जिंकलेल्याला जय मिळतो, हरलेल्याला काहीतरी मिळायला नको का? मला ते रास्त वाटलं. जिंकून बसलेल्या माणसाला सगळंच रास्त वाटतं. मी हो म्हटलं, आणि त्यांनी पहिला कायदा केला. यापुढे वीत राजेशमची. त्या दिवसापासून प्रत्येक शिपायाच्या पावलाला राजेशमला हात ठेवावा लागे, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या वाळूवर निळे ठसे उठत.

वर्षं गेली. मी जिंकत गेलो आणि ते कायदे करत गेले. दाणा लागून शिपाई पडला नाही, शेजाऱ्यावर नुसता कलला, तर तो मेला की जगला? यावर एकदा चहाचे तीन पेले झाले.

"पडला न्हाय म्हंजे मेला न्हाय," मी म्हणालो.

"तो स्वतःच्या पायावर उभा आहे का? नाही. मग तो जखमी. जखमीने हल्ला करायचा नाही. नोंद घ्या."

"कोण नोंद घेतंय हितं?"

"राजेशम, लक्षात ठेवा."

राजेशम मान हलवायचा. त्याच्या डोक्यात सगळे कायदे राहत. घोडेस्वाराने टेकडी चढताना निम्मं चालावं. किल्ल्याच्या तटाआडचा शिपाई दाण्याने मरत नाही. माझा जोर घोडदळावर होता, तो चढावर बसला. माझी सवय धडक मारण्याची, ती तटाशी अडली. तरीही मी जिंकत होतो, कारण नानासाहेब फार विचार करायचे आणि विचार संपेपर्यंत माझे लोक त्यांच्या दारात असायचे. मी रागावून वाळूवर हात आपटला की ते म्हणायचे, "सिद्रामशेठ, रागाला कलम नाही." आणि कोटाच्या बाहीने आपला पडलेला शिपाई पुसून डबीत ठेवायचे.

माणूस कडक होता, पण कोता नव्हता. तीस साली गावात मार्शल लॉ होता तेव्हा आमची एक लढाई अर्धवट मांडलेली होती. मी जिंकायला आलो होतो. नानासाहेब आले, दाराशी उभे राहिले आणि म्हणाले, "रस्त्यावर खरे शिपाई उभे असताना मातीचे हलवू नयेत." कचेरीत जन्म घालवलेला माणूस हा, मला वाटलं भ्याला. पण गोळीबारात गेलेल्यांसाठी त्यांनी टोपी काढून हातात धरली होती. सगळं निवळेपर्यंत त्या वाळूला कुणी हात लावला नाही. मग पुन्हा बसलो तेव्हा कुणाची खेप होती यावर मात्र त्यांनी हरकत घेतलीच.

आता मूळ दुखणं सांगतो. एका लढाईत टेकडीवर दोन्ही सैन्यं अडकली. त्यांची तोफ माझ्या घेऱ्यात, माझे घोडे त्यांच्या तटाखाली. मी म्हणालो, "नानासाहेब, टेकडी मला द्या, तोफ सोडतो तुमची."

"हरकत! रणांगण म्हणजे मंगळवार बाजार नव्हे."

"अवो, किल्ले काय सगळे गोळ्यांनीच घेतले का लोकांनी? निम्मे बोलून घेतले."

"ते इतिहासात. कायद्यात नाही."

ते सहज बोलले असतील, पण मला लागलं. मी आयुष्यात जे केलं ते बोलून केलं. बाजारात मालाचा एकेक दोष काढून, उठून जायचं नाटक करून, दोन पावलं मागे येऊन. या माणसाच्या खेळात घोड्याला कायदा होता, कललेल्याला कायदा होता, आणि माझ्या कामाला मात्र जागा नव्हती. त्या दिवशी घरी जाताना माझ्या ध्यानात आलं की लढाया मी जिंकत होतो आणि राज्य ते करत होते. त्या दारावरचा एकही कायदा माझा नव्हता.

मग मी ठरवलं, एकदा हरायचं. हरायचं आणि तहाचा कायदा करून घ्यायचा.

पण नानासाहेब मला हरू देईनात! मी बगल मोकळी सोडली, ते आले नाहीत. मी तोफ उघड्यावर आणली, त्यांनी तोंड फिरवलं. कायदा करणं हातचं जाईल, म्हणून तेही हरायलाच बसलेले. दोन्ही फौजा समोरासमोर उभ्या, कुणी पुढे येईना.

"काय झालं, शिरस्तेदार? भ्याले का तुमचे लोक?"

"माझे लोक सावध आहेत. तुमचे आज फारच उदार दिसतात."

राजेशम वैतागला. निळा हात वर करून म्हणाला, "अय्यो, हे काय लढाई हाय? नवरा-नवरी दोघं बी रुसून बसलंय!" आणि चहा प्यायला निघून गेला. तो डाव बरोबरीत सुटला. बरोबरीला कायदा नसतो.

असे कित्येक रविवार गेले. बाजारात मी कुणालाही चार वाक्यांत आडवा करतो, आणि इथे मला साधं हरता येईना. घरी बायको म्हणाली, "हरण्यासाठी एवढा त्रागा करणारा माणूस मी पाहिला न्हाय बाई." मी ताट सरकवून उठलो.

शेवटी मी खरं नाटक केलं. एका रविवारी आल्या आल्या भांडण काढलं. वाळू ओली आहे, तोफेची स्प्रिंग ढिली आहे, राजेशमची वीत आखडली आहे. तांबडा झालो, ओरडलो, आणि त्या रागाच्या भरात सगळे घोडे टेकडीवर घातले. किल्ल्याच्या दारात फक्त एक कललेला शिपाई ठेवला. रागावलेला माणूस चुकतो, तसा चुकलो. नानासाहेब बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी तोफ पुढे घेतली, दाणा ठेवला, आणि माझ्या किल्ल्याचं दार पाडलं; लढाई मी हरलो.

मी आतून नाचत होतो आणि बाहेरून कपाळ धरून बसलो होतो.

"मागा, सिद्रामशेठ," ते म्हणाले. "तुमचा कायदा."

"तह. लढाईत मधेच बोलणी करायची मोकळीक. देवाणघेवाण. दोघांनी कबूल केलं की पंचाने मान्य करायचं."

मी हरकतीची वाट पाहत होतो. उत्तरं तयार होती माझी. त्यांनी बोट वर केलं नाही.

"मान्य," ते म्हणाले. कोट झटकला, छत्री घेतली आणि गेले.

मला तिथेच कळायला हवं होतं. पहिल्याच बोलीला समोरचा हो म्हणाला, की मी माल पुन्हा उलटून बघतो. त्या दिवशी बघितला नाही.

पुढच्या रविवारी मी वाळू चाळून ठेवली. कुठली टेकडी देऊन कुठली घ्यायची, तोफेच्या बदल्यात काय मागायचं, सगळं मनात ठरलं होतं. नानासाहेब आले नाहीत. त्यानंतरच्या रविवारीही नाहीत. मी त्यांच्या घरी गेलो तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, ते धारवाडला मुलाकडे गेले, कायमचे. छातीचं दुखणं होतं. आमच्या लढाईनंतर लगेच सोमवारच्या गाडीने गेले.

मी तसाच राजेशमकडे गेलो. तो रंगाच्या हौदाशी उभा होता.

"तुला ठावं होतं?"

"होतं."

"आणि त्यांना? माझं दार मी मुद्दाम उघडं ठेवलंय, हे त्यांना कळलं होतं?"

तो सूत पिळत राहिला. पिळलेली लड दांडीवर टाकून म्हणाला, "शेठ, मी पंच हाय. एका डावाचा निकाल एकदाच देतो."

दिवाळीच्या आधी धारवाडहून निरोप आला. नानासाहेब गेले.

आता हिशेब साधा आहे. त्यांना माझं नाटक कळलं नसेल, तर तो कायदा मी माझ्या अकलेने मिळवला होता, आणि त्यावर एकही डाव न खेळता ते निघून गेले. कळलं असेल, तर जाता जाता त्यांनी तो माझ्या पदरात टाकला, जशी दारात आलेल्याच्या झोळीत भाकरी टाकतात. मी मोहोळहून आलो तेव्हाही कुणाकडून फुकट काही घेतलं नाही. कसंही धरा, फसलो मीच. आणि ज्याच्याशी भांडायचं, तो माणूसच उरला नाही.

एकच जण उरला आहे. अजून रोज माझ्या वखारीसमोरून जातो, राम राम करतो आणि तोंड मिटून पुढे जातो. राजेशम, तुला इथे सगळ्यांदेखत विचारतो. ती तोफ पुढे घेण्याआधी नानासाहेबांनी तुझ्याकडे पाहिलं होतं. मी कपाळ धरून बसलो होतो तरी बोटांच्या फटीतून मला दिसलं. त्या नजरेत काय होतं? माझ्या दाराला ते फसले होते की मला ते दान देत होते? पंच दोघांचा असतो. एक मेला, पण मी जिवंत आहे. निकाल दे.