मुऱ्यांना दिलेली ऊब

ज्योतीराम आमच्या पिंपळे सौदागरचा, जातीनं भोई. चाकणच्या अंगाला सरकारी मत्स्यबीज केंद्र होतं, तिथं तो कामाला. रोज सायकलनं जायचा.

तळ्यात कोंडलेला रोहू आपण होऊन अंडी घालत नाही. मग मेलेल्या माशाच्या मेंदूखालची मोहरीएवढी गाठ काढायची, खलात घोटायची आणि तो अर्क नर-मादीच्या जोडीला सुईनं टोचायचा. संध्याकाळी टोचलं की पहाटे अंडी. चौथी नापास ज्योतीराम हे केंद्रातल्या साहेबांच्या शेजारी उभा राहून शिकला होता.

मुरी म्हणजे बोटाएवढा, अंगावर पट्टे असलेला मासा, वाळूत तोंड खुपसून बसणारा. आमच्या लहानपणी पवनेत टोपलीनं मिळायच्या. पुढं नदीचं पाणी काळपट झालं. चौऱ्याहत्तर साली महिनाभर धुंडून ज्योतीरामला एकच जोडी सापडली. ती त्यानं घरी पत्र्याच्या टबात ठेवली आणि तिलाच सुई टोचायचं ठरवलं.

पारावर गावातला साहेबराव म्हणाला, “ज्योतीबा, दवाखाना काढला व्हय? आमची म्हस बी आनू का?”

“म्हशी लई हायेत राव. मुऱ्या दोनच उरल्यात.”

त्याच्या बायकोची, कौशल्याबाईची, तीन बाळंतपणं झाली होती. एकाही लेकराचं बारसं झालं नाही. टबातल्या मादीला ती माहेरवाशीण म्हणायची आणि ओल्या मातीतले किडे वेचून घालायची.

आषाढातल्या एका संध्याकाळी ज्योतीरामनं सुई टोचली. पहाटे टबाच्या तळाशी साबुदाण्याहून बारीक, काचेसारखी अंडी चमकत होती. त्या दिवशी केंद्रात रजा मिळेना. पाण्यात कुणाला हात घालू देऊ नकोस, एवढं बायकोला बजावून तो गेला.

दिवसभर झड लागली, गारठा पडला. बाळंतिणीला गारठा बाधतो, हे कौशल्याबाईला कुणी शिकवायला नको होतं. तिनं विटांवर टब ठेवला, खाली शेगडी सरकवली, निखाऱ्यांवर चिमूटभर ओवा टाकला आणि संध्याकाळपर्यंत कोळसे घालत बसली.

ज्योतीराम आला तेव्हा ती दारातच म्हणाली, “हळू या. निजल्यात समद्या.”

त्यानं पाण्यात बोट घातलं. पाणी अंघोळीइतकं कढत होतं. अंडी शितांसारखी पांढरी पडली होती आणि जोडी कुशीवर पडली होती.

त्यानं शेगडी ओढून घेतली.

“अवं, माज्या हातनं काय झालं का?”

“न्हाई गं. औषध जास्ती झालं. सुई मीच चुकलो.”

पुढं केंद्रात त्याच्या हातून रोहूची लाखो पिल्लं झाली. मुरी मात्र नदीत कुणाला दिसली नाही. कौशल्याबाई आल्यागेल्याला सांगायची, आमच्या धन्यानं सुईची घाई केली, नाहीतर माझी माहेरवाशीण जगली असती. ज्योतीराम खाली मान घालून ऐकायचा.

एक्याऐंशी साली ती गेली. तिची राख पवनेत सोडून आम्ही घाटावर बसलो होतो, तेव्हा त्यानं मला शेगडीचं सांगितलं. म्हणाला, “येक डाव वाटलं व्हतं तिला सांगावं. पर चवथं बी तिच्याच पदरात कसं घालू?”