आत्याआजीचा वर्ग आणि मिस्त्रींचं वाक्य

लिही गं, सावकाश सांगते. तुझी आत्याआजी, म्हणजे माझी धाकटी नणंद, तू फोटोतच पाहिलीस. फोटोत खाष्ट दिसते. होतीच थोडी. पण तिच्या वर्गाला आलेला माणूस मधेच सोडून गेला, असं कधी झालं नाही.

लग्न नाही केलं तिनं. पंचवीस वर्षं कचेरीत इंग्रजी पत्रं टाइप केली आणि तिथून सुटल्यावर आपल्या पुढच्या खोलीत इंग्रजी लिहायला शिकवायला लागली. येणारी माणसं दूर देशांतून कामाला आलेली, घरी अरबी बोलणारी. कोणी नर्स, कोणी ड्रायव्हर, एक बाई दवाखान्याच्या धुलाईखात्यात होती. इतकी वर्षं इथे राहून आपली भाषा त्यांना बोलता यायची. घोडं अडायचं ते इंग्रजी लिहिताना, आणि साहेबलोक तर सगळं लिहूनच मागणार. पहिल्या दिवशी सगळ्यांनी वह्या मागच्या बाजूनं उघडल्या. मी चहा ठेवता ठेवता म्हटलं, "अहो, वह्या उलट्या धरल्यात!" तर नणंद म्हणते, "वहिनी, अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात. त्यांच्या बाजूनं बघा. आपणच उलटे."

मला एक अक्षर येत नाही, पण तिची शिकवायची रीत मला तोंडपाठ. पंजा उघडून धरायची. अंगठा म्हणजे कोण. मग काय केलं, कुठे, कधी, आणि करंगळी म्हणजे का. कोणी वाक्य वाचलं की उत्तर मिळेल तसं एकेक बोट मिटायची. पाची बोटं मिटली की वाक्य पोटभर जेवलं म्हणायचं. आणि तिथंच थांबायचं! "आणि, आणि, आणि करत पानभर ओढू नका," म्हणायची. "तुमच्या भाषेत ते शोभून दिसतं. माझ्या साहेबाला धाप लागायची."

त्यात एक लिफ्टदुरुस्तीवाला होता. तिशीतला, दोन पोरींचा बाप, बोलायला फार गोड. चपला काढतानाच माझ्या गुडघ्यांची चौकशी करायचा. एका मंगळवारी आला तो चेहरा पांढराफटक. आदल्या आठवड्यात एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचा दरवाजा उघडला आणि आत लिफ्टच नव्हती. एका कारकुनाचा पाय आत गेला, मांडीचं हाड मोडलं. दरवाज्याचं काम याच्याकडे होतं. चौकशीवाल्या साहेबानं सांगितलं, काय झालं ते गुरुवारपर्यंत इंग्रजीत लिहून दे, नाहीतर नोकरी गेली समज.

त्यानं लिहून आणलं होतं. नणंद वाचत गेली, वाचत गेली, आणि कागद खाली ठेवला.

"साहेबाची तब्येत, साहेबाची मुलंबाळं, साहेबाचं मोठं मन. अर्धं पान झालं. लिफ्ट कुठाय?"

"पुढे आहे ना, बाई. आधी विचारपूस नको? एकदम कामाचं बोलायला मी काय वसुलीवाला आहे?"

"विचारपूस दारात तोंडानं कर. कागद कामाचा. तो साहेब लिफ्टपर्यंत पोचायच्या आधी जेवायला उठेल."

पोरगा दुखावला. पण नोकरीचा प्रश्न, तेव्हा खोडलं मुकाट्यानं. मग उरलेलं वाचलं. सोमवारी दुपारी तिसऱ्या मजल्यावर काम अर्धं राहिलं, दरवाजा उघडला, माणूस पडला, मला वाईट वाटतं. नणंदेनं बोटं मिटायला घेतली. काय, कुठे, कधी, तीन मिटली. अंगठा आणि करंगळी तशीच उभी.

"काम अर्धं टाकून का गेलास?"

त्यानं पेनाचं टोपण लावलं, परत काढलं.

"तुला जायला कोणी सांगितलं?"

मी दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभी. शेवटी मान खाली घालून म्हणाला, "उस्तादांनी." म्हणजे त्याचे म्हातारे मिस्त्री, त्याच्याच मुलखातले, ज्यांनी त्याला हातात पाना धरायला शिकवला. दुसऱ्या इमारतीत माणसं अडकली म्हणून त्यांनी फोन करून याला पाठवलं. म्हणाले, "तू पळ, तो दरवाजा मी येऊन बघतो." आणि विसरले.

"बाई, ते मी लिहिणार नाही. नोकरी गेली तरी चालेल."

मी त्याच्या जागी असते तर नाव तिथल्या तिथे फोडलं असतं, आपला स्वभावच तसा. पण नणंद म्हणाली, "मी इंग्रजी शिकवते, चुगली नाही. नको लिहूस. पण हा कागद आहे तसा तुझ्या उस्तादांना वाचून दाखव. बोटं मिटत मिटत वाच."

बुधवारी दुपारी दार वाजलं. लिफ्टवाला, आणि त्याच्यामागे पांढऱ्या मिशांचे मिस्त्री, टोपी हातात.

"मला वाटलं होतं यानं कधीच सांगून टाकलं असेल," मिस्त्री म्हणाले. "मी रोज वाट बघत होतो, कधी बोलावणं येतं त्याची. बाई, तुम्ही लिहा, मी सही करतो."

"अजिबात नाही. बसा. तुमचं वाक्य तुमच्या हातचं."

साठीला आलेला माणूस, गुडघे बाकाखाली मावेनात. पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं. माझे तीन चहा झाले. पाचाच्या सुमाराला एक वाक्य उभं राहिलं. नणंदेनं मला अर्थ सांगितला तो अजून लक्षात आहे: "गेल्या आठवड्यात सोमवारी दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या दरवाज्याचं काम अर्धं असताना मी या माणसाला दुसऱ्या इमारतीत पाठवलं, कारण तिथं माणसं अडकली होती, आणि तो दरवाजा मी बघणार होतो तो मी विसरलो." वाचता वाचता तिची मूठ मिटली. लिफ्टवाला भिंतीकडे तोंड करून रडत होता.

नोकरी वाचली त्याची. मिस्त्रींना मात्र निवृत्तीला सहा महिने उरले असताना घरी बसवलं. बसतायत कसले! दुसऱ्याच आठवड्यात वही घेऊन वर्गात हजर. म्हणाले, "आता वेळच वेळ आहे, शिकवा."

पहिलं पत्र त्यांनी त्या कारकुनाला लिहिलं. पाय कसा आहे, झोप लागते का, घरी कोण बघतं, मुलं घाबरली का, तुमच्या आईची तब्येत कशी आहे. अर्धं पान तेच. नणंदेनं सवयीनं पेन्सिल उचलली. मिस्त्री अंग चोरून बसले.

तिनं पेन्सिल परत ठेवली. "इथं हेच काम आहे," म्हणाली. "एक शब्द खोडायचा नाही."

मग चष्मा पुसला, उठली, कपाटातून पाकीट काढलं आणि मिस्त्रींनी सांगितलेला पत्ता स्वतःच्या हातानं लिहून दिला.