निजेला धोंडा

भुकेला कोंडा, निजेला धोंडा ही म्हण गादीवाल्याला मुळीच आवडायची नाही. “धोंड्यावर झोप लागत असती तर मी धोंडेच विकले नसते का?” असं तो गिऱ्हाइकांना सुनवायचा. तीस वर्षं त्याने कापूस पिंजला होता. माणसाची तक्रार पाठीची असो की मनाची, हा पठ्ठ्या पहिला हात गादीला लावायचा.

एकदाच त्याचा अंदाज साफ चुकला होता. धाकट्या बहिणीची झोप उडाली, तेव्हा त्याने तिला मऊ गादी करून दिली आणि स्वस्थ बसला. चार महिन्यांनी तिला भिंतीतून माणसं बोलताना ऐकू येऊ लागली. डॉक्टर म्हणाले, स्किझोफ्रेनिया. “झोप उडालेल्या प्रत्येकाला हे होतं असं नाही. पण कधी कधी पहिली चाहूल तीच असते. तेव्हाच आणलं असतंत तर बरंच सावरता आलं असतं.” बहीण आजही गोळ्यांवर आहे. भावाला ओळखते, पण हसत नाही.

आणि आता एकोणीस वर्षांची लेक तीन आठवडे धड झोपली नव्हती.

“अहो, डॉक्टरांकडे नेऊ या तिला,” बायको दोनदा म्हणाली.

“परीक्षा आहे तिची. गादी बसलीये, बाकी काही नाही.”

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. याने मात्र डोळेच मिटून घेतले. तो मनातून पार हादरला होता, पण बोलणार कोणाजवळ? कापूस नव्याने पिंजू म्हणून तो लेकीची गादी दुकानात घेऊन आला.

भर दुपारी त्याने ती पसरली, उसवायला कात्री लावली आणि थांबला. कडेची वीतभर शिवण त्याची नव्हती. त्याचे टाके बारीक, एकसारखे. हे लांबलांब, घाईत घातलेले, घरातल्या साध्या दोऱ्याचे. कोणीतरी गादी उसवून आत हात घातला होता आणि परत शिवून टाकली होती. दुकान उघडंच टाकून तो घरी धावला.

लेक टेबलाशी पुस्तक उघडून बसली होती. पान कालचंच होतं. तो तिच्याजवळ बसला.

“बाळा, गादीत काय शोधत होतीस?”

ती दचकली. मग कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा खुलला. त्याचा हात घट्ट धरून ती कुजबुजली, “बाबा, म्हणजे तुम्हालाही ऐकू येतात ते?”