गारठलेल्या बोटांचा शब्द

काचेची नळी माझ्या हातातून सुटली आणि फरशीवर फुटली. त्या आठवड्यातली ती दुसरी. प्रयोगशाळेतले सर एवढंच म्हणाले, "क्लम्सी." मी अकरावीत होते. शेजारच्या शकूनं अर्थ सांगितला, वेंधळी. मधल्या सुटीत तीच ओरडली, "क्लम्सी आली, काच लपवा."

घरी सांगितलं. बाबा म्हणाले, "मंग कायले जातेस? रोवणीले माणसं कमी पडून राहिली." मलाही ते पटलं. दुसऱ्या दिवशी टीसी काढायला गेले, तेव्हा व्हरांड्यात इंग्रजीचे पटले सर उभे होते. ज्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त आपण हा ग्रंथ काढतो आहोत, त्यांची माझी ती पहिली खरी ओळख.

सरांनी कारण विचारलं, मी 'क्लम्सी'चं सांगितलं. मग माझ्या हातांकडे पाहिलं. सकाळी येण्याआधी काय करतेस, म्हणाले. मी सांगितलं की इटियाडोह धरणाचं पाणी सुटलं आहे, उन्हाळी धानाची रोवणी चालू आहे, उजाडताच, ऐन थंडीत, आम्ही बांधीत, धानाच्या शेतातल्या गार पाण्यात उतरतो.

"मंग तो शब्द तुझाच आहे," सर म्हणाले. "थंडीनं बोटं बधिर झालेल्या माणसासाठी तो निघाला. पुढं लोक थंडी विसरले, बोटांले बोल लावत बसले. टीसी कायले नेतेस, बेटा?"

पुढे इंग्रजी साहित्य शिकताना मी मोठा कोश उघडून पाहिला. सर बरोबर होते. फक्त मूळ अर्थच खरा, असं मात्र त्यांनी कधी शिकवलं नाही. आजचा अर्थ आजच्या लोकांचा, असं ते म्हणत. वर्गात कुणाचं उत्तर अडलं, तर ते आधी विचारत, जेवून आलास का?

आज त्यांचे विद्यार्थी गोंदियापासून नागपूरपर्यंत इंग्रजी शिकवतात. आमच्यापैकी कुणी मुलाला वेंधळा म्हणत नाही. मी त्यांची विद्यार्थिनी आहे, हे मी अभिमानानं सांगते.

सर आता गोंदियाजवळ मुर्रीला राहतात आणि अजून बाजारात पायी जातात. त्यांचे पाय असेच चालते राहोत, हातांत ऊब राहो आणि शंभरावं वर्ष त्यांनी आमच्यात बसून साजरं करावं.

त्या दिवशी मी टीसी न घेताच घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेच्या दाराशी कोमट पाण्यानं भरलेला गंज, म्हणजे मोठं पातेलं, ठेवलेला होता. पटले सर टॉवेल घेऊन शेजारी उभे होते. शकूनं माझ्या आधीच तिची गारठलेली बोटं त्यात बुडवली होती.