कोंबडीच्या पिसांचा हार

खुराड्यातली पिसं न उकळताच गळ्यात मिरवणारी येडी अख्ख्या तालुक्यात मी एकटीच असेन. लग्नाला वर्ष झालेलं, मालक फौजेत, आणि चार दिवसांच्या सुट्टीवर यायचे होते. कळंबच्या टॉकीजबाहेर पोस्टरवरल्या बाईच्या गळ्यात पांढऱ्या पिसांचा झुबकेदार हार बघितला आणि म्हटलं, आपण काय कमी हाय? महिनाभर आमच्या पांढऱ्या कोंबड्यांची पिसं वेचली, जुन्या धोतराच्या पट्टीवर टाचली आणि ऐन उन्हात ते ध्यान घालून दारात उभी राहिले. "बया, कोंबडी गळ्यात घालून कुठं निघालीस?" सासूबाई ओरडल्या. मालक मात्र पिशवी हातात तशीच धरून बघत राहिले, आणि मी मनातल्या मनात हिरोईन! दिवस कलेपर्यंत कोंबड्यांच्या उवांनी मानेची चाळण केली. सासूबाईंनी मला कडुनिंबाचा पाला फासला आणि "त्याला लागतील गं," म्हणत सुट्टी संपेपर्यंत मागच्या खोलीत बसवलं. महिनाभर वाट बघितलेल्या माणसाचं नुसतं हसणं भिंतीपलीकडून ऐकलं. मालक जाऊन आता कैक वर्षं झाली, तेही ऐकू येत नाही. काल नातीनं पार्टीसाठी मागवलेला गुलाबी पिसांचा हार गुपचूप घालून आरशापुढं उभी राहिले, तर मान उगीचच खाजली. त्या सुट्टीवरनं परत जाताना सासूबाईंची नजर चुकवून मालक त्या खोलीच्या दाराशी येऊन म्हणाले होते, "पुढच्या खेपेला गळ्यात काय बी नको. नुसती दारात उभी ऱ्हा. तेवढ्यासाठीच तर येतो मी."